प्याला आणि पाळणा

मराठीत दारूविषयी जे जे लिहिले गेले, त्यात राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचे स्थान आजही पहिले आहे. १९१९ च्या जानेवारीत गडकऱ्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडसांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू यांची आठवण त्या काळच्या रसिकांनी जन्मभर जपली. नाटकाचे नाव तर भाषेत म्हणीसारखे रुळून गेले. आजही एखाद्या धर्मग्रामात व्यसनमुक्तीवर एकांकिका बसवायची ठरली, की लेखकाने मूळ नाटक वाचलेले असो वा नसो, त्याच्या लेखणीतून बहुधा सुधाकरच उतरतो : मुळातला सज्जन, बुद्धिमान, कुठल्याशा आघाताने खचलेला आणि दुसऱ्याच्या आग्रहाने पहिला घोट घेतलेला. त्याच्या जोडीला सोशिक पत्नी असते. आणि घरात कुठेतरी एक मूल असते.

हे 'कुठेतरी' आम्हांला बोचते. दारूने माणसाचे काय होते हे आपल्या साहित्याने भरपूर सांगितले. त्याच्या पत्नीचे काय होते, हेही सांगितले. पण पिणाऱ्या माणसाच्या हाताखाली मूल कसे वाढते, त्या घरात 'वाढवणे' या शब्दाला काय अर्थ उरतो, याची चौकशी फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तीन कलाकृती या एकाच प्रश्नाच्या उजेडात वाचू इच्छितो. पहिली अर्थातच 'एकच प्याला'. दुसरी, जेम्स जॉईस यांच्या 'डब्लिनर्स' या १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातली 'काउंटरपार्ट्स' ही कथा. तिसरी, फ्रँक मॅकोर्ट यांचे 'अँजेलाज ॲशेस' हे १९९६ सालचे आत्मकथन. पहिली आपल्या मातीतली. उरलेल्या दोन आयर्लंडमधल्या कॅथलिक घरांतल्या. त्या घरांत मिस्सा आहे, जपमाळ आहे, पापनिवेदन आहे; म्हणून परदेशातल्या असूनही त्या आपल्या वाचकांना परक्या वाटू नयेत.

पाळण्यातले मूल

'एकच प्याला'ची कथा सर्वपरिचित आहे. सुधाकर हा स्वतःच्या कर्तबगारीवर वर आलेला मानी वकील. भर कोर्टात मुन्सफाशी त्याचा खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते, आणि या अपमानाची जळजळ शमविण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. तेथून उतरण सुरू होते. मध्यंतरी तो दारू सोडण्याचा निश्चय करतो. पण ज्यांच्या दारी काम मागायला जातो तेथे अवहेलनाच पदरी पडते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. सिंधू माहेरची मदत नाकारते आणि लोकांचे दळण दळून दिवस काढते. अखेरीस सुधाकरच्याच हातून पोटचे बाळ जाते, सिंधूही जिवाला मुकते, आणि पतीवर आळ येऊ नये म्हणून मरता मरता पोलिसांपासून खरे लपवून ठेवते. शेवटी सुधाकर स्वतःचाही शेवट करून घेतो.

आता या कथेकडे बाळाच्या बाजूने पाहावे. ते तान्हे आहे. बोलण्याचे त्याचे वयच नाही. सिंधू त्याच्याशी बोलते, त्याला खेळवते, भरवते, आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. नाटकात या बाळाचे काम एवढेच आहे. सुधाकरचे पाप मोजण्याचे ते माप आहे आणि सिंधूचे पुण्य मोजण्याचेही तेच. त्याला स्वतःचे असे काही पाहायचे नाही, समजून घ्यायचे नाही, लक्षात ठेवायचे नाही. गडकऱ्यांनी ते मूल आठ वर्षांचे केले असते, तर नाटकात एक साक्षीदार उभा राहिला असता. मग सुधाकरची ती भव्य, ओजस्वी भाषणे आठ वर्षांच्या मुलाच्या कानांवर पडली असती, आणि त्या भाषणांचे वजन आजच्याइतकेच राहिले असते का, असा प्रश्न आम्हांला पडतो.

गडकऱ्यांच्या प्रतिभेला उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. शोकांतिकेची म्हणून एक शिस्त असते. नायक मोठा हवा, त्याचे पतन डोळ्यांत भरणारे हवे, आणि शेवट शेवटच हवा. पडदा पडतो तेव्हा तीनही जीव गेलेले असतात. पुढे सांगण्यासारखे कोणी उरत नाही. येथेच नाटकाची आणि घराघरांतल्या वास्तवाची वाट वेगळी होते. पिणाऱ्या बापाच्या बहुतेक घरांत कोणी मरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे उठतात, चहा होतो, मुले शाळेत जातात, बाप कामावर जातो. संध्याकाळी पुन्हा पाऊल वाजते. मुलाच्या वाट्याला येते ती ही रोजची संध्याकाळ. पाच अंकांच्या शोकांतिकेत तिला जागा नाही.

सिंधूच्या बाबतीतही एक कठीण प्रश्न विचारावा लागतो. तिचे पातिव्रत्य हा या नाटकाचा आत्मा मानला जातो. पण तिने पतिधर्मासाठी नाकारलेली मदत ही तिच्या एकटीची नव्हती. त्यात बाळाचाही वाटा होता. मरताना तिने राखलेले गुपित हे बाळाच्या मृत्यूचेही गुपित होते. शंभर वर्षे आपण तिच्या त्यागाला हात जोडले. त्या त्यागाचा हिशेब पाळण्याकडून मागितला तर काय उत्तर मिळेल, हे मात्र आपण विचारले नाही.

एकाच मजकुराच्या दोन प्रती

जॉईस यांची 'काउंटरपार्ट्स' ही जेमतेम दहा-बारा पानांची कथा आहे. कायदेशीर दस्ताच्या दोन जुळ्या प्रतींना इंग्रजीत हा शब्द वापरतात. कथेचा नायक फॅरिंग्टन हा डब्लिनमधल्या एका वकिली कचेरीतला नकलनवीस. धिप्पाड, चाळीशीकडे झुकलेला, कामाला कंटाळलेला. एका कराराची नक्कल वेळेत न केल्याबद्दल वरिष्ठ त्याला फैलावर घेतो. तो हळूच बाहेर सटकून मद्याचा एक पेला रिचवतो, वास लपविण्यासाठी तोंडात शहाजिऱ्याचा दाणा टाकतो आणि परत येतो. पुन्हा बोलणी बसतात. एक उद्धट उत्तर त्याच्या तोंडून निसटते आणि त्यासाठी सर्वांसमक्ष नाक घासून माफी मागावी लागते. संध्याकाळी तो घड्याळ गहाण टाकून सहा शिलिंग उभे करतो, मित्रांना पाजतो, आपल्या उद्धट उत्तराची फुशारकी मारतो, आणि अखेर एका तरुण इंग्रज कसरतपटूशी हात लढविण्याच्या पैजेत दोनदा हरतो. खिशात दोन पेन्स उरलेले असतात. तो घरी येतो. चूल विझलेली. बायको चर्चमध्ये गेलेली. जिन्यावरून एक लहान मुलगा धावत खाली येतो. बाप अंधारात त्याला त्याच्या भावाच्या नावाने विचारतो. मूल सांगते की आपण टॉम. तो बापाचे जेवण गरम करायला निघतो, आणि विझलेल्या चुलीचे निमित्त होऊन बाप काठी उचलतो. मूल गुडघे टेकते आणि रडत विनवते की मला मारू नका, मी तुमच्यासाठी एक 'नमो मारिया' म्हणेन. येथे कथा संपते.

'एकच प्याला'शी असलेले साम्य वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. दोन्हीकडे कायद्याचे जग आहे, दोन्हीकडे वरिष्ठाने केलेला अपमान आहे, आणि दोन्हीकडे त्या अपमानाची किंमत लहान मूल मोजते. पण गडकरी अपमानापासून मृत्यूपर्यंतचा उतार दाखवितात, तर जॉईस एका दिवसाचा व्यवहार दाखवितात. दिवसभर कागदांच्या नकला करणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन एकच नक्कल बिनचूक करतो : वरिष्ठाने त्याच्याशी जे केले, तेच तो टॉमशी करतो. वर झालेली दटावणी खाली उतरते. टॉमच्या खाली मात्र कोणी नाही. त्याला ती कोणाच्या तरी पदरात टाकण्यासाठी मोठे होईपर्यंत थांबावे लागेल.

या कथेतला एक तपशील आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. घरी परतताना फॅरिंग्टनला सर्वांत अधिक राग कशाचा येतो? इतका पैसा जाऊनही आपल्याला धड नशा चढली नाही, याचा. म्हणजे काठी उचलणारा हा माणूस शुद्धीवर आहे. 'त्याने नाही केले, दारूने केले' ही जी पळवाट आपण आपल्या घरांतल्या पिणाऱ्यांना उदारपणे देत असतो, ती जॉईस यांनी एका वाक्यात बंद करून टाकली आहे. दारू नसती तर कदाचित काठी उठली नसती, हे खरे. पण काठी दारूने उचललेली नाही. सुधाकरच्या बाबतीत प्रेक्षक हा भेद करीत नाही. नाटक त्याला तो करू देत नाही. सुधाकर देवमाणूस आणि दारू राक्षस, अशी वाटणी तेथे झालेली आहे. मुलाला अशी वाटणी करता येत नाही. त्याला मारणारा हात एकच असतो, आणि तो बापाचा असतो.

आणि ती शेवटची विनवणी. प्रथम वाचताना वाटते की काय हे लेकराचे निष्पाप मन, मार खातानाही बापासाठी प्रार्थना करू पाहते! दुसऱ्यांदा वाचताना अंगावर काटा येतो. टॉम प्रार्थना करीत नाही. तो सौदा करतो. त्याच्याजवळ पैसा नाही, बळ नाही, वेळेवर घरी असलेली आई नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेली प्रार्थना एवढेच त्याचे भांडवल आहे, आणि तो ते खंडणी म्हणून पुढे करतो. दुपारी बापाने नोकरी वाचविण्यासाठी माफीचे शब्द पुढे केले. संध्याकाळी मुलाने अंग वाचविण्यासाठी पवित्र मातेचे नाव पुढे केले. ही कथेतली दुसरी नक्कल. मूल बापाकडून काय शिकते, याचे इतके निर्दय उत्तर आम्ही अन्यत्र वाचलेले नाही.

आपल्यासारख्या श्रद्धाळू कुटुंबांनी येथे क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. टॉम तिशीचा होईल तेव्हा 'नमो मारिया' म्हणताना त्याला काय आठवेल? प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत देवाला आपण पिता म्हणतो. या शब्दाचा पहिला अर्थ मूल चर्चमध्ये शिकत नाही, घरी शिकते. दारूने संसाराची धूळधाण होते असे आपण म्हणतो तेव्हा पैसा, प्रकृती आणि अब्रू यांचा हिशेब करतो. एक शब्द बिघडतो, याचा हिशेब केवळ साहित्यच करू शकते.

एका बापात तीन बाप

जॉईस यांच्या कथेत मूल शेवटच्या पानावर येते. 'अँजेलाज ॲशेस'मध्ये सारे पुस्तकच मूल सांगते. फ्रँक मॅकोर्ट यांचा जन्म १९३० साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा; पुढे कुटुंब आयर्लंडला परतले आणि त्यांचे बालपण लिमरिक शहरातल्या ओल आलेल्या गल्लीबोळांत गेले. तीन भावंडे लहानपणीच दगावली. पुस्तकाला १९९७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात आपल्या शहराचे चित्र अतिरंजित झाले, अशी तक्रार लिमरिकमधल्या काही मंडळींनी केली. तो वाद त्या शहराचा आहे. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाचे आहे ते त्यातले निवेदन. मोठा झालेला लेखक मागे वळून उपदेश करीत नाही. तो पाच, आठ, दहा वर्षांच्या फ्रँकच्या उंचीवर उभा राहतो आणि जे दिसते ते वर्तमानकाळात सांगतो.

काय दिसते? बाप, मॅलकी मॅकोर्ट, उत्तर आयर्लंडचा. काम मिळाले की आठवड्याची मजुरी दारूच्या गुत्त्यात जाते. काम नसले की बेकारभत्ता जातो. रात्री गल्लीच्या टोकाकडून देशभक्तीपर गाणी ऐकू आली की आत अंथरुणावरची मुले समजतात. तो त्यांना उठवून ओळीने उभे करतो आणि आयर्लंडसाठी प्राण देऊ अशी शपथ घ्यायला लावतो. धाकट्या बाळासाठी आजोबांनी पाठविलेले पैसेही तो पिऊन टाकतो. रस्त्यावर सांडलेले कोळशाचे तुकडे वेचणे त्याला भिकारपणाचे वाटते, हातात पिशवी-पुडके घेऊन चालणेही कमीपणाचे वाटते. म्हणून कोळसा आई आणि मुले वेचतात, आणि नाताळच्या जेवणासाठी मिळालेले डुकराचे मुंडके फ्रँक उराशी धरून भर रस्त्याने घरी आणतो. बापाचा मान राखण्यासाठी मुलांनी आपला मान खर्ची घालावा, ही त्या घराची अर्थव्यवस्था आहे.

एवढेच असते तर हे पुस्तक बापाविरुद्धची फिर्याद होऊन बसले असते. पण हाच बाप सकाळी लवकर उठून चूल पेटवितो, चहा करतो, वर्तमानपत्र वाचतो आणि फ्रँकला जवळ बसवून जगाच्या गोष्टी सांगतो. आयरिश पुराणातल्या कुहुलिन या वीराची कथा तो अशी सांगतो, की ती फ्रँकला केवळ आपल्या मालकीची वाटते; दुसऱ्या मुलाला ती सांगितली तर त्याला सहन होत नाही. रात्री तो मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेतो. लहानग्या फ्रँकला बाप पवित्र त्रैक्यासारखा वाटतो : एक सकाळचा वर्तमानपत्रवाला, एक रात्रीचा गोष्टी आणि प्रार्थनांचा, आणि एक तो वाईट कृत्य करून दारूच्या वासासह घरी येणारा. धर्मशिक्षणात ऐकलेल्या गूढ शिकवणीचा मुलाने आपल्या घरापुरता लावलेला हा अर्थ आहे. वाचताना हसू येते आणि हसता हसता लक्षात येते, की यापेक्षा अचूक निदान कोणा वैद्यालाही करता आले नसते.

पिणाऱ्या पालकाच्या घरातले खरे दुःख या तिसऱ्या बापामुळे जितके आहे, तितकेच पहिल्या दोघांमुळेही आहे. बाप सर्वकाळ वाईट असता तर मूल त्याच्यापासून मन काढून घेऊ शकले असते. पण सकाळचा बाप खरा असतो. त्याचे प्रेम खरे असते. म्हणून मूल आशा सोडू शकत नाही, आणि आशा सोडू शकत नाही म्हणून रोज नव्याने दुखावले जाते. कोणता बाप दाराशी उभा आहे हे ओळखणे, हे त्या घरातल्या मुलाचे पहिले शिक्षण. पाऊल कसे पडते, गाणे कोणते आहे, कडी कशी वाजते, यांची अक्षरे ते मुळाक्षरांआधी गिरवते. इतरांच्या चेहऱ्यावरून वारा ओळखण्यात ते आयुष्यभर तरबेज राहते. स्वतःला काय हवे, हे मात्र त्याला सांगता येत नाही, कारण ते त्याला कोणी विचारलेलेच नसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिमरिकमधले बाप इंग्लंडच्या कारखान्यांत कामाला गेले. शनिवारी तारवाला पैशांची मनिऑर्डर घेऊन गल्लीत येई आणि घरोघर दिवाळी होई. मॅकोर्टांच्या दाराशी तो जवळजवळ थांबतच नसे. पुढे चौदाव्या वर्षी फ्रँक स्वतः तारवाल्या पोराची नोकरी धरतो. ज्याची वाट पाहण्यात शनिवार गेले, तोच तो होतो. लेखक यावर भाष्य करीत नाही. बापाने रिकामी ठेवलेली जागा थोरल्या मुलाने भरून काढायची असते, हे त्याच्या सायकलवरून आपल्याला कळते.

पण सर्वांत धीट प्रकरण पुढेच आहे. सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर फ्रँकचा एक आप्त त्याला रीतीप्रमाणे आयुष्यातला पहिला पेला पाजायला नेतो. ज्याने बापाच्या दारूपायी उपाशी दिवस काढले, तो मुलगा त्या रात्री पिऊन घरी येतो आणि आईवर हात उगारतो. दुसऱ्या दिवशी तो एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूंसमोर मन मोकळे करतो आणि त्याला क्षमेचा धीर मिळतो. स्वतःला सहानुभूती मिळवून देणाऱ्या पुस्तकात हा प्रसंग गाळणे लेखकाला सहज शक्य होते. त्याने तो ठेवला. कारण टॉमचे पुढे काय झाले असेल, या जॉईस यांनी उघड्या ठेवलेल्या प्रश्नाचे ते उत्तर आहे. फ्रँकचा त्या रात्रीचा हात हीदेखील एक नक्कल होती. फरक इतकाच, की नक्कल करणाऱ्याने ती ओळखली.

न पिणाऱ्याची गोष्ट

तीनही कलाकृतींत पिणारा बाप आहे आणि न पिणारी आई आहे. सिंधू गप्प राहते. फॅरिंग्टनची बायको नवरा शुद्धीवर असताना त्याच्यावर आवाज चढविते आणि तो प्यालेला असताना त्याचा आवाज सोसते. अँजेला कधी भांडते, कधी चुलीकडे पाहत बसून राहते, कधी मुलालाच गुत्त्यावर पाठविते. स्वभाव तीन, पण गत एक : तिघींचे लक्ष नवऱ्याने व्यापून टाकले आहे. तो कुठे असेल, किती प्यायला असेल, कसा येईल, यांतून जे उरेल ते मुलांच्या वाट्याला. पिणारा एक असतो. पण त्या घरात पालक दोघेही हरवतात.

येथे आयांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. ज्या काळात आणि ज्या समाजात त्या राहिल्या, तेथे त्यांना दुसरे दार उघडे नव्हते. आज ते थोडे उघडले आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली आणि काही वर्षांतच पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी वेगळे गट निघाले, कारण त्यांनाही सावरावे लागते हे अनुभवाने कळले होते. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणनेही घरच्या माणसांना बरोबर घेतले. साहित्याने जे सूचित केले, ते सेवाकार्याने हाती घेतले, असे म्हणता येईल.

मराठी साहित्यात मुलाच्या उंचीवरून दारूकडे पाहण्याचे काम 'एकच प्याला'नंतर जवळजवळ साठ वर्षांनी झाले, आणि ते दलित आत्मकथनांनी केले. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) मुंबईतल्या वस्तीत वाढणारा मुलगा आपल्या बापाचे पिणे पाहतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) तर मूल अशा घरात वाढते, जेथे आजी दारू विकून चूल पेटवते. ज्या वस्तूने वस्तीतली घरे मोडतात, तिच्यावरच त्याचे पोट चालते. या पुस्तकांचा मुख्य विषय जात आणि भूक हा आहे. पण पिणाऱ्या बापाला सुधाकरसारखे सिंहासन न देता आणि राक्षसही न करता, तो जसा होता तसा मुलाच्या नजरेने पाहता येतो, हे त्यांनी मराठी गद्याला शिकविले. आपल्या ख्रिस्ती लेखकांनी हा धडा अद्याप पुरता घेतलेला नाही, असे आम्हांला नम्रपणे वाटते.

नोहाचा तंबू

तो का घेतला नाही, याचे कारण शोधताना आम्हांला जुन्या करारातली एक कथा आठवते. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षमळा लावतो, द्राक्षारस पिऊन धुंद होतो आणि आपल्या तंबूत उघडा पडून राहतो. हाम हा मुलगा ते पाहतो आणि बाहेर जाऊन भावांना सांगतो. शेम आणि याफेथ खांद्यांवर वस्त्र घेऊन उलट्या पावलांनी आत जातात, तोंडे फिरवून ठेवतात आणि बापाला झाकतात. शुद्धीवर आल्यावर नोहा शाप देतो, आणि तो शाप पडतो हामच्या मुलावर, कनानवर. पिण्यात ज्याचा काही संबंध नव्हता, त्या नातवावर!

पवित्र शास्त्रातल्या या पहिल्या मद्यप्याच्या कथेत आपला सारा विषय आलेला आहे. बाप पितो, मुले लाज सांभाळतात, आणि भोगते तिसरी पिढी. शेम आणि याफेथ यांचे आपण नेहमी कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. चौथ्या आज्ञेचा आदर त्यांनी राखला. पण आपल्या घरांत ही उलटी पावले किती वर्षे चालत राहावीत? वस्त्र घेऊन पाठमोरे चालणारी मुले आपल्या शाळांत आहेत, वेदीसेवकांत आहेत, गायनवृंदात आहेत. 'पप्पांना बरे नाही' असे ती शिक्षिकेला सांगतात. त्यांनी झाकलेले आपण सर्वांनी मिळून झाकतो. आणि लग्न-साखरपुड्यात टेबलावर बाटल्या लागल्या की त्याच मुलांच्या देखत पुन्हा पेले भरतो.

लेखकाची जागा या तंबूत कोठे? हामसारखे बाहेर जाऊन सांगावे, तर ती चहाडी होते. परंपरेने त्यात उपहासच पाहिला आहे. शेम-याफेथसारखे न पाहता झाकावे, तर ते लेखन होत नाही. मॅकोर्ट यांनी तिसरी वाट दाखविली : डोळे उघडे ठेवून आत जावे, बापाकडे पुरते पाहावे, आणि मग जे वस्त्र घालायचे ते पाहिल्यानंतर घालावे. त्या पुस्तकात बापाला क्षमा आहे की नाही, याचे उत्तर सोपे नाही. पण सकाळच्या चुलीजवळचा तो बाप कायमचा जिवंत राहिला आहे, आणि त्याला जिवंत ठेवणारा त्याच्याच दारूने उपाशी राहिलेला मुलगा आहे. प्रेम आणि सत्य यांपैकी एकाची निवड करावीच लागते असे नाही, याचा तो पुरावा.

आपल्याकडच्या प्रबोधनपर कथा-एकांकिकांचा शेवट बहुधा ठरलेला असतो. बाप धर्मगुरूंपुढे किंवा क्रुसापुढे गुडघे टेकतो, बाटली फोडतो, बायको डोळे पुसते, पडदा पडतो. पश्चात्तापावर आमची श्रद्धा आहे. असे चमत्कार घडतात आणि घडावेत. पण त्या पडद्यामागे मूल उभे आहे आणि त्याची गोष्ट अजून संपलेली नाही. बापाने एका संध्याकाळी दारू सोडली, म्हणून मुलाने दहा वर्षांत शिकलेली पावलांची भाषा एका रात्रीत विसरली जात नाही. बापाला क्षमा मिळाली, हे मुलाला कोणीतरी सांगावे लागते. आणि क्षमा करण्याआधी तुलाही रागवायचा हक्क होता, हेही कोणीतरी सांगावे लागते.

आमच्या लेखकमित्रांना, विशेषतः पुढच्या उपवासकाळासाठी एकांकिका लिहावयास बसणाऱ्या तरुणांना, म्हणून आमची एक विनंती आहे. बाटली फुटते तो प्रसंग पुष्कळांनी लिहून झाला. तुम्ही दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहा. बाप लवकर उठला आहे. त्याने चहा केला आहे. त्याचा हात अजून थरथरतो आहे, पण तो शुद्धीवर आहे आणि मुलाला हाक मारतो आहे. मूल दाराशी थांबले आहे आणि त्याच्या तोंडाकडे पाहते आहे. त्या दोघांत जे पहिले वाक्य बोलले जाईल, ते शोधून काढा.